मैनाची ताटली

मैनाच्या ताटलीत भात नसायचा, एवढी एकच गोष्ट सगळ्या वाडीला खुपत होती. तिला आकडी येते हे वाडीनं केव्हाच पचवलं होतं. पोर चालता चालता पडायची, डोळे फिरवायची, हातपाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस यायचा. कुणीतरी धावत येऊन फोडलेला कांदा नाकाशी धरायचं, कुणी चप्पल हुंगवायचं आणि पोर शुद्धीवर आली की जो तो आपल्या कामाला लागायचा. त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. पण घरात भाताची कणगी असताना सहा वर्षांच्या पोरीला शीतसुद्धा द्यायचं नाही, हे कुठल्या डॉक्टरचं औषध? गोदाच्या तोंडावर कुणी हे विचारीत नसे. पाणवठ्यावर तिची कळशी भरेपर्यंत बाया गप्प बसत आणि ती पाठमोरी झाली की बोलायला लागत. गोदाला सगळं ऐकू येई. माणसं हळू बोलतात तीही पुढच्याला ऐकू जावं एवढ्याच बेतानं.

गोदाचा नवरा महिपत मुंबईला छापखान्यात कामाला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी मैना दिवसभर पेंगायची, पण आकडी काही थांबत नव्हती. देवऋषी झाले, अंगारे झाले. शेवटी गणपती विसर्जन झाल्यावर महिपतनं दोघींना मुंबईला नेलं आणि एका मोठ्या इस्पितळात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई परदेशात शिकून आलेल्या होत्या. त्यांनी पोरीला वॉर्डात ठेवून आधी उपाशी ठेवलं आणि मग गोदाला समोर बसवून सांगितलं.

"आता गोळ्यांवर माझा भरवसा नाही. जेवणानं बघूया. धान्य नाही, साखर नाही, गूळ नाही, फळ नाही. तेल, लोणी, अंड्याचा बलक, मासे, थोडी पालेभाजी. सगळं तोलून. शरीराला भाताऐवजी तेलतुपावर चालायची सवय लावायची. ती लागली की काही मुलांचं डोकं शांत होतं. का होतं ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही."

"कदीपर्यंत?" गोदानं विचारलं.

"गुण आला तर दोन वर्षं तरी. नाही आला तर उगाच पोरीचे हाल करणार नाही, बंद करू. देवदिवाळीनंतर दाखवायला आणा."

"आणि मग?"

"मग माझ्यापाशी दुसरं काही नाही," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, आणि म्हणूनच गोदाचा त्यांच्यावर विश्वास बसला.

उठता उठता गोदानं विचारलं, "नारळ चालतो का?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "नारळ तर उत्तम. खोबरेल याला फार चांगलं. तुमच्या तर दारातच झाड असेल."

गोदाच्या जिवात जीव आला. त्या सगळ्या नाही-नाहीमध्ये नारळ तेवढा आपल्या ओळखीचा निघाला होता.

बाईंनी एक लहान तराजू दिला आणि कागदी पट्ट्यांची एक बाटली दिली. सकाळी पोरीच्या लघवीत पट्टी बुडवायची. ती जांभळी झाली तर औषध लागू आहे, पिवळट राहिली तर पोटात काहीतरी नको ते गेलं. पट्ट्या गावात मिळणार नाहीत हे गोदानं ओळखलं आणि घरी आल्यावर एकेक पट्टी ब्लेडनं उभी चिरून तिच्या दोन केल्या.

आकडी थांबावी असं गोदाला वाटायचंच, पण तिच्या मनात खोल दुसरंच होतं. मैना तीन वर्षांची असताना चिमणीसारखी बोलायची. कोंबड्यांना नावानं हाका मारायची. मग आकडीमागून आकडी येत गेली आणि एकेक शब्द गळत गेला. आधी कोंबड्यांची नावं गेली, मग 'पाणी' गेलं, मग 'आजा'. 'आये' सगळ्यांत शेवटी गेलं. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आता हवं ते पोर बोटानं दाखवायची आणि नाही मिळालं तर नुसती बघत राहायची. आपल्याला पुन्हा कधी हाक मारील का, एवढं एकच गोदाला त्या बाईंना विचारायचं होतं. ते तिनं विचारलं नाही, कारण बाई खोटं बोलल्या नसत्या.

नवरात्रात दोघी गावी आल्या. गोदा पहाटे उठून चुलीशी बसायची. सुकं खोबरं घाण्यावर देऊन काढलेलं तेल, घरचं लोणी, बलक, टाकळ्याची किंवा माठाची चिमूटभर भाजी, मिळाली तर बांगड्याची फोड. सगळं तराजूत घालायचं, काटा जरा इकडे गेला की बोटानं कण काढायचा. ताटलीत तेलाचं तळं व्हायचं. मैना तोंड फिरवायची. गोदा तिला मांडीत घट्ट धरायची, गाल दाबून घास घालायची आणि ताटलीला लागलेलं तेल बोटानं पुसून तेही चाटवायची. पोर रडायची, कधी सगळं गोदाच्या लुगड्यावर ओकायची. मग गोदा लुगडं पिळून तराजू पुन्हा मांडायची.

शेजारच्या सोनूबाईनं एकदा दारात उभं राहून हे बघितलं. "काय गो गोदे, डोक्याला लावायचं तेल पोरीच्या पोटात घालतंस. मंग डोक्याला काय भात थापणार हायस?"

"थापीन," गोदा म्हणाली. "तुला कमी पडला तर हितनंच ने."

सोनूबाई हसली, पण जाताना म्हणाली, "पोरगी कशी बगते गो तुज्याकडं. मला नसतं बगवलं." ते गोदाला दिवसभर पुरलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरा, रावजी. सत्तरीला आलेला, कमरेत वाकलेला, पण अजून नांगराला हात लावणारा. या औषधाबद्दल तो बरं किंवा वाईट काहीच बोलला नाही. पहिल्या दिवशी त्यानं पेजेचा वाडगा पुढ्यात घेतला आणि मैना समोर येऊन बसली. वाडगा तोंडाला लावला की तिची नजर वाडग्याबरोबर वर जायची, खाली ठेवला की खाली यायची. रावजीनं दोन घोट घेतले, वाडगा उचलला आणि तो उठला.

"खय चाललाव, मामंजी?"

"गोठ्यात बसतंय. बैलांपाशी गार वाटतं जरा."

त्या दिवसापासून तो गोठ्यातच जेवू लागला. घरचा कर्ता माणूस शेणामुताशेजारी पाठ करून जेवतो, हेही वाडीनं बघितलं आणि त्याचंही खापर गोदाच्याच डोक्यावर फुटलं. तिला स्वतःलाही ते लागत होतं. पण या बसा म्हणायची सोय नव्हती.

नव्याच्या पुनवेला तर अवघडच झालं. त्या दिवशी नव्या तांदळाचा भात नारळाच्या रसात शिजतो, दाराला लोंब्यांचं नवं बांधतात, आणि घरातला वडीलधारा आपल्या हातानं प्रत्येकाच्या पानात नव्याचा घास घालतो. सुनेला, नातवंडांना, मग गोठ्यातल्या बैलांनाही. त्याच्या हातचं नवं पोटात गेलं की वर्षाचं अन्न लागतं. रावजीनं गोदाच्या पानात घास घातला आणि हात तसाच पुढे नेला. पुढे मैना ओंजळ करून बसली होती.

"मामंजी," गोदा हळूच म्हणाली.

"जनावराला पडतो गो आजच्या दिशी घास."

"शीतसुदीक नको म्हणून सांगितलान् हाय बायनी."

रावजीचा हात मध्येच थांबला. तो उठला आणि घास घेऊन गोठ्यात गेला. मैनाची ओंजळ तशीच होती. गोदानं ती मिटवली आणि मग तिलाही पानातला भात गोड लागला नाही.

पण पट्टी जांभळी व्हायला लागली होती. आधी फिकट, मग दिवसेंदिवस गडद. आणि आकडी विरळ होत चालली. पूर्वी दिवसातून किती वेळा याचा हिशेब कुणी ठेवत नसे. आता एखादा दिवस कोरडा जायचा, मग लागोपाठ दोन, आणि भातकापणी संपत आली तेव्हा तर आठवडा होऊन गेला होता. मैना कोंबड्यांच्या मागं धावायला लागली. तिचे डोळे निवळले. गोदा भारे वाहताना वाटेत थांबून मागं बघायची आणि तिला भीती वाटायची, कारण इतकं बरं चाललेलं तिनं पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं.

झोडणीच्या पहिल्या दिवशी गोदा दिवसभर खळ्यावर होती. दगडावर भारे आपटून तिच्या खांद्यांत गोळे आले होते, अंगभर कुसळं रुतली होती. मैना घरी रावजीपाशी होती, तिचं जेवण गोदा तोलून झाकून ठेवून गेली होती. तिन्हीसांजेला ती अंगणात आली तर पोर ओटीवर ताठ पडलेली, रावजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. ही आकडी मोठी होती. संपल्यावर पोर कापसासारखी मऊ पडली. गोदानं पट्टी बुडवली. पट्टी पिवळी राहिली.

"मामंजी, पोरीला काय खायाला दिलंत?"

रावजी पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिला.

"मी इचारतंय. सकाळी पट्टी जांभळी व्हती. घरात तुमी नि ती, दोघंच व्हतात."

रावजीनं तिच्याकडे बघितलं आणि नजर अंगणात वळवली. गोदाच्या अंगात दिवसभराचा शीण होता, महिन्याभराचा राग होता, पाणवठ्यावरच्या बायांचे शब्द होते. ते सगळं त्या म्हाताऱ्या माणसावर आलं.

"रोज तिचा गाल दाबून तेल मी गिळवतंय. तुमी माया करून मोकळे. तुमाला ती नको झाली आसल तर तसं सांगा."

रावजीचे ओठ हलले. पण बाहेर आलं ते वेगळंच. "नाचणीत डुकरं पडतायत. मी राखणीला जातंय वर." खांद्यावर कांबळं टाकून तो वरच्या कातळमाळाकडे, सड्यावरच्या खोपीकडे निघून गेला. गोदानं त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैनाच्या पोटात काही ठरेना. तेल घातलं की ती ओकायची. ओठ सुकले. नारळ पाडायला वाडीतला बाबल्या आला होता, त्याला गोदानं हाक मारून सांगितलं, "शहाळं काढ रे पोरीला. वायच तरतरी येयल." आजारी माणसाला शहाळं द्यायचं, ही काय कुणाला सांगायची गोष्ट आहे? आणि नारळ चालतो, हे बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मैनानं शहाळं तोंडाला लावलं आणि एका दमात संपवलं. किती दिवसांनी पोरीनं काहीतरी आवडीनं घेतलं, म्हणून गोदाला बरं वाटलं. मग ते रोजचंच झालं. बाबल्या कामाला जाता जाता एक शहाळं काढून पायरीवर ठेवायचा आणि गोदा ते सोलून द्यायची. ताटलीतलं तेल संपवलं की शहाळं, असं तिनं पोरीला लावून दिलं.

आकडी पुन्हा सुरू झाली. पहिल्यांदा गोदाला वाटलं, सासऱ्यानं दिलेलं काहीतरी अजून अंगात असेल. पण रावजी घरी नव्हता. त्याचं जेवण ती सड्याच्या वाटेवरच्या दगडावर ठेवून यायची, तिथनं तो घेऊन जायचा. मैनाला ती खळ्यावर बरोबर नेऊ लागली, नजरेआड होऊ देत नव्हती, आपल्या हाताशिवाय कुणाच्या हातचा घास नव्हता. तरी पट्टी पिवळी, आणि झोडणीच्या धपधप आवाजात पोर मध्येच पेंढ्यावर कोसळायची. बाया हात थांबवून बघायच्या. "तेलानं व्हायचं आसतं तर येव्हाना झालं नसतं?" एकीनं म्हटलं. गोदानं भारा उचलून दगडावर आपटला. देवदिवाळी जवळ येत होती. बाई औषध बंद करणार, आणि त्यानंतर कुणापाशी काही नाही, हे तिला दिसत होतं.

दिवाळीनंतर बाबल्याची बहीण बाळंत झाली म्हणून तो तिच्या गावी, भाट्याला गेला, तिकडेच राहिला. शहाळं बंद झालं. मैना सकाळी पायरीवर जाऊन बसायची आणि बोट माडाकडे करायची. गोदाला वाईट वाटायचं, पण माडावर चढणार कोण? तिसऱ्या दिवशी पट्टीला जांभळी छटा आली. पुढच्या दिवशी गडद झाली. आकडी नाही. गोदा देवाला नारळ बोलली, दुसरं तिला काही सुचलं नाही. आणि मग बाबल्या परत आला, त्यानं हौसेनं दोन शहाळी ठेवली, मैना दोन्ही प्यायली, आणि दुसऱ्या सकाळी पट्टी पिवळी.

गोदा पट्टी हातात धरून मागल्या दारी बसली. शहाळं नव्हतं तेवढेच दिवस पट्टी जांभळी होती, हे तिनं बोटांवर मोजलं. मग उठून तिनं पायरीवरचं त्या दिवसाचं शहाळं सोललं आणि आपल्या तोंडाला लावलं. जन्मभर प्यायलेलं पाणी. ते गोड आहे याचा तिनं आजवर कधी विचारच केला नव्हता. पाण्याला कोण गोड म्हणतं? चहात साखर पडली तर ते गोड, काकवी गोड. हे माडाचं पाणी, देवाघरचं. तिनं दुसरा घोट घेतला. गोड होतं. चांगलंच गोड होतं. हातातलं शहाळं तिनं माडाच्या बुंध्यापाशी ओतून टाकलं आणि तिला पहिल्यांदा आठवण झाली ती सड्यावरच्या म्हाताऱ्याची.

सासऱ्याचं जेवण फडक्यात बांधून, मैनाचं बोट धरून ती सडा चढली. ऊन तापलं होतं, कातळ पायांना चटके देत होता, पोरीला मध्ये मध्ये कडेवर घ्यावं लागत होतं. नाचणी कापून झाली होती. राखायला आता काहीच उरलं नव्हतं, तरी रावजी खोपीच्या सावलीत बसून होता. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. त्या दोघींना बघून तो उठला नाही. मैना त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कांबळ्यावर बसून खडे वेचायला लागली. रावजीनं जेवणाचं फडकं घेऊन आपल्या पाठीमागं ठेवलं.

गोदा उभीच राहिली. येताना वाटेत जुळवलेलं बोलणं तिला आठवेना. "मामंजी, माजं चुकलं," ती म्हणाली. "तुमचा काय दोष नव्हता. शहाळ्याच्या पाण्यानं झालं सगळं. ते गोड आसतं. मी माज्या हातनं रोज पाजत व्हते तिला. आज कळलं."

रावजीनं मान वर केली. "शहाळं?"

"बायनी नारळ चालतो म्हणून सांगितलान्. मला वाटलं, पानीच ते."

रावजी विचार करीत राहिला. शेतातल्या माणसाचा विचार, एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा. "शहाळं कदीपासनं देत व्हतीस तू?"

"त्या आकडीच्या दुसऱ्या दिसापासनं."

"मंग ती पयली आकडी कशानं आली?"

गोदानं हा विचार केला नव्हता.

"ती माज्या हातनं आली," रावजी म्हणाला. "घास दिला व्हता मी तिला. भाताचा. तू म्हणालीस ते खरं व्हतं." त्यानं मैनाचा घरंगळलेला खडा तिच्याकडे सरकवला. "तवापासनं हितं बसून हाय. मला वाटत व्हतं त्या येका घासानं सगळं गेलं. रोज खाली खळ्यावर कुनी आरडलं की मला वाटायचं, पडली पोर. माज्या घासानं पडली."

गोदाला पुन्हा राग आला, पण तो पहिल्यासारखा उभा राहिना. "आवो पण का दिलंत? येवडं सांगून? नव्याच्या दिशी हात मागं घेतलात, आणि मंग का?"

"नव्याच्या दिशी तिनं हात केलान् व्हता. हात बगून मागं फिरता येतं." रावजी मैनाकडे बघत होता. "मी गोठ्यात जेवायला बसलो व्हतो, दाराकडं पाठ करून. तू ठेवलेलं सगळं चाटून खाल्लान् व्हतं, मग मागनं आली. म्हणाली, आजा, भात."

गोदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोन म्हणालं?"

"ती. मैना. वरसभरानं हाक मारलीन् गो तिनं मला. आजा, भात. आता येवडं बोलल्यावर मी नाय कसा म्हणनार व्हतो? मला नाय म्हणायला सुचलंच नाय."

"मंग मला सांगितलं का नाय त्याच दिशी?"

"सांगनार व्हतो. तू आलीस की सांगायचं म्हणूनच बसलो व्हतो ओटीवर. तर तेवड्यात ती पडली." रावजीनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "मंग कुठल्या तोंडानं सांगू? आकडी आली की शब्द जातो. आला तसा गेला आसल म्हटलं. तुला दाखवून परत काढून घेतल्यासारकं झालं आसतं."

गोदा कातळावर बसली. मैना खडे एकावर एक रचत होती, ते पडत होते, ती पुन्हा रचत होती. आपल्याला हाक मारावी म्हणून या पोरीचा गाल दाबून आपण तेल घालतो, आणि तिची पहिली हाक गेली ती गोठ्यात, भातासाठी. गोदाला सासऱ्याचा हेवा वाटला, अगदी उघडा हेवा. आणि त्याच वेळी तिला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा ते तिला कळेना. औषध लागू होतं. पोरीच्या आत शब्द होते.

"बरं केलंत, आसं मी नाय म्हणायची," ती म्हणाली. "पुन्ना देऊ नका. तिनं कितीबी हाका मारल्यान् तरी देऊ नका."

"नाय देनार."

"घरी चला आता."

रावजीनं मान डोलावली, पण दोघंही उठली नाहीत.

"मामंजी," गोदा म्हणाली, "कशी म्हणाली ती? सांगा परत."

"आजा, भात. आसं."

"आवाज कसा व्हता?"

रावजी आठवू लागला. "वायच घोगरा व्हता. पन साफ."

"परत सांगा," गोदा म्हणाली, आणि त्यानं पुन्हा सांगितलं.